राज्यव्यापी रस्ता सुरक्षा : उत्तरदायी कोण?

जानेवारी महिना उजाडला की राज्यभर रस्ता सुरक्षेचे फलक लागतात. शाळांतून घोषवाक्यांच्या व चित्रकलेच्या स्पर्धा होतात, चौकाचौकांत हेल्मेट घातलेल्या दुचाकीस्वारास गुलाबाचे फूल दिले जाते, वाहनचालकांसाठी नेत्रतपासणीचे शिबिर भरते. पूर्वी हा सप्ताह असे. २०२१ पासून तो महिनाभर साजरा होऊ लागला. ‘साजरा’ हा शब्द येथे हेतुपुरस्सर योजिला आहे, कारण ह्या उपक्रमाचे स्वरूप उत्सवासारखेच झाले आहे.

ह्या उत्सवाशेजारी काही आकडे ठेवून पाहणे उचित ठरेल. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय दरवर्षी देशातील अपघातांचा अहवाल प्रसिद्ध करते. त्यानुसार महाराष्ट्रात २०१८ साली १३,२६१ व २०१९ साली १२,७८८ व्यक्ती रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडल्या. टाळेबंदीच्या २०२० साली हा आकडा ११,५६९ वर आला. पुढे २०२१ मध्ये १३,५२८, २०२२ मध्ये १५,२२४ आणि २०२३ मध्येही १५ हजारांहून अधिक. म्हणजे दिवसाला सरासरी बेचाळीस घरांतून एक माणूस बाहेर पडतो व परत येत नाही. सप्ताहाचा महिना झाला त्याच काळात मृत्यूंचा आलेख चढत गेला. उपक्रमांमुळे मृत्यू वाढले असा ह्याचा अर्थ कोणी काढू नये. उपक्रमांचा मृत्यूंशी फारसा संबंधच उरलेला नाही, एवढेच सुचवावयाचे आहे.

रस्ता सुरक्षेचा विषय निघाला की आपल्याकडे कायदे कमी आहेत, ते कडक करावेत, अशी सूचना सर्वप्रथम पुढे येते. वस्तुस्थिती तशी नाही. कोइम्बतूर येथील अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन ह्यांनी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. रोज शस्त्रक्रियेच्या टेबलावर येणारी छिन्नविच्छिन्न शरीरे पाहणाऱ्या डॉक्टरने न्यायालयाचे दार ठोठवावे, ही घटना पुरेशी बोलकी आहे. ह्या याचिकेच्या अनुषंगाने २०१४ मध्ये न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ३० नोव्हेंबर २०१७ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना सविस्तर आदेश दिले. राज्याचे रस्ता सुरक्षा धोरण असावे, प्रमुख यंत्रणा असावी, स्वतंत्र निधी असावा, प्रत्येक जिल्ह्यात समिती असावी, कालबद्ध कृती आराखडा असावा, रस्त्यांची सुरक्षा तपासणी व्हावी, जिल्ह्यात किमान एक अपघात उपचार केंद्र असावे, असे हे आदेश होते. त्यापाठोपाठ २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात व्यापक दुरुस्ती झाली. महाराष्ट्राने वाढीव दंडाची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ मध्ये सुरू केली. कागदावर पाहू जाता राज्याकडे परिषद आहे, धोरण आहे, परिवहन आयुक्तालयात रस्ता सुरक्षा कक्ष आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समित्या आहेत, शिवाय खासदारांच्या अध्यक्षतेखालीलही समित्या आहेत.

मग उणीव कोठे आहे? एखाद्या ठराविक रस्त्यावर, ठराविक ठिकाणी वारंवार माणसे मरत असतील तर त्याबद्दल कोणाला जाब विचारावयाचा, ह्या प्रश्नाला ह्या संपूर्ण व्यवस्थेत उत्तर नाही. राज्यव्यापी नियोजनाची चर्चा ह्या प्रश्नापासून सुरू व्हावयास हवी.

आपल्या दाराशी असलेला महामार्ग

उदाहरणासाठी दूर जावयास नको. वसई तालुक्याच्या पूर्वेकडून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ८ व आताचा ४८, आपल्या नित्य परिचयाचा आहे. घोडबंदर ते दापचरी ह्या सुमारे शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात २०२२ च्या पहिल्या साडेआठ महिन्यांत २६२ अपघात व त्यांत ६२ मृत्यू झाल्याचे त्या वेळी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने प्रसिद्ध झाले होते. चिंचोटी, मनोर व चारोटी ही नावे त्यात पुन्हा पुन्हा येत होती. परंतु ह्या मृत्यूंकडे देशाचे लक्ष गेले ते ४ सप्टेंबर २०२२ नंतर. त्या दिवशी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री व त्यांच्याशेजारी बसलेले सहप्रवासी मरण पावले. मागील आसनावरील ह्या दोघांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता.

पुढील काही आठवडे सीटबेल्टवर भरपूर लिहिले व बोलले गेले, आणि ते योग्यच होते. मुंबईत नोव्हेंबरपासून मोटारीतील सर्वांनाच सीटबेल्ट बंधनकारक करण्यात आला. मात्र त्या पुलापाशी तीन मार्गिकांच्या एकदम दोन होतात, वेगात येणाऱ्या वाहनाला त्याची सूचना किती आधी मिळते, कठड्याचे टोक रस्त्याकडे उघडे का राहते, हे प्रश्न त्यामानाने लवकर मागे पडले. चालकाची चूक शोधणे सोपे असते. ती एका माणसाची असते आणि पुष्कळदा तो माणूस हयात नसतो. रस्त्याची चूक शोधली की ती कोणाच्या तरी सहीपर्यंत पोहोचते.

ह्या एका पट्ट्यावर किती कार्यालयांचा अधिकार चालतो ते पाहावे. रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, देखभाल ठेकेदाराची. गुन्ह्याची नोंद काही भागांत मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे, तर पुढे पालघर जिल्हा पोलिसांकडे. वाहतुकीचे नियंत्रण महामार्ग पोलिसांकडे. वाहनांची व परवान्यांची तपासणी परिवहन कार्यालयाकडे. रुग्णवाहिका व रुग्णालय आरोग्य विभागाकडे. महामार्गाला येऊन मिळणारे रस्ते कोठे महानगरपालिकेचे, कोठे जिल्हा परिषदेचे, तर कोठे सार्वजनिक बांधकाम विभागाचे. ही सर्व मंडळी जिल्हा समितीच्या बैठकीत एका टेबलाभोवती बसतात खरी, पण प्रत्येकाचे वरिष्ठ वेगळे, अंदाजपत्रक वेगळे आणि बढतीची मोजमापे तर अगदीच वेगळी. अपघात कमी झाले म्हणून ह्यांपैकी कोणाची पाठ थोपटली जात नाही व वाढले म्हणून कोणाला खुलासा द्यावा लागत नाही.

कायद्यातील एक तरतूद ह्या संदर्भात फारशी चर्चिली गेलेली नाही. दुरुस्त कायद्याच्या कलम १९८-अ नुसार रस्त्याचे आरेखन, बांधणी वा देखभाल विहित मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माणसाच्या जिवाच्या मानाने रक्कम क्षुल्लक आहे, हे कोणीही सांगेल. तथापि रस्ता बांधणाराही दोषी असू शकतो हे कायद्याने प्रथमच मान्य केले, हे त्याचे महत्त्व. ह्या कलमाचा आधार घ्यावयाचा तर अपघातस्थळाचा तांत्रिक पंचनामा व्हावा लागतो. आपल्याकडील पंचनाम्यात टायरच्या खुणा व वाहनांची स्थिती येते. वळणाचा उतार, दुभाजकातील बेकायदा फट, दिव्यांचा अभाव ह्या गोष्टी क्वचितच येतात.

मरतो कोण?

नियोजनाचा दुसरा प्रश्न असा की ते कोणाला डोळ्यांसमोर ठेवून करावयाचे. २०२२ च्या राष्ट्रीय अहवालानुसार देशात रस्त्यांवर मरण पावलेल्या १,६८,४९१ व्यक्तींपैकी साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरील होत्या व साडेएकोणीस टक्के पादचारी. दोन्ही मिळून हे प्रमाण जवळपास दोन तृतीयांश होते. मोटारीतून जाणाऱ्यांचा वाटा त्या मानाने बराच कमी आहे. तरीही रस्ता सुरक्षेवरील आपली चर्चा, वृत्तपत्रांतील छायाचित्रे व शासनाच्या घोषणा बहुतांशी मोटारी, खाजगी बसगाड्या व द्रुतगती मार्ग ह्यांभोवती फिरतात. पुण्यातील कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी अल्पवयीन मुलगा चालवीत असलेल्या आलिशान मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्या प्रकरणाने देश हादरला, तो संताप न्याय्य होता. पण त्याच दिवशी राज्यातील इतर रस्त्यांवरही माणसे मेली असणार, आणि त्यांच्या बातम्या आतल्या पानावर चार ओळींत संपल्या असणार.

महामार्गालगतच्या आदिवासी पाड्यांवरून पहाटे कामाला निघणारा मजूर, भाजीची पाटी डोक्यावर घेऊन दुभाजक ओलांडणारी बाई, पाळी संपवून दुचाकीवरून परतणारा कारखान्यातील कामगार, हा ह्या आकड्यांमागील माणूस आहे. त्याच्यासाठी उड्डाणपूल बांधला जातो तो मोटारींना न थांबता जाता यावे म्हणून. खालून त्याने रस्ता कसा ओलांडावा हे पुष्कळदा नंतर आठवते. पादचारी पूल बांधलाच तर तो दोन मजले चढून जावा लागेल असा, आणि गावाच्या वाटेपासून अर्धा किलोमीटर दूर. मग लोक दुभाजकातील फटीतून जातात व आपण त्यांना बेशिस्त म्हणतो.

स्वीडनच्या संसदेने १९९७ साली स्वीकारलेल्या धोरणाचा पाया ह्याच मुद्द्यावर आहे. माणूस चुका करणारच, हे गृहीत धरून रस्ता असा बांधावा की त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, असा त्याचा आशय. जेथे माणसे व वाहने एकत्र येतात तेथे वाहनाचा वेग मानवी शरीराला सहन होईल इतकाच ठेवावयाचा. आपल्या २०२२ च्या राष्ट्रीय अहवालात ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले आहे. ह्या नोंदीत तपासापूर्वीच चालकाला दोषी ठरविण्याची सवय मिसळली असण्याचा संभव आहे, तरी वेग हा मुख्य घटक आहे ह्याबद्दल तज्ज्ञांत दुमत नाही. तेव्हा गाव, शाळा, बाजार व रुग्णालय ह्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या रस्त्यावर वेगमर्यादेची पाटी पुरेशी नाही. रस्ता तेथे अरुंद वाटला पाहिजे, उंचवटा आला पाहिजे, वळण आले पाहिजे. हे काम स्थापत्यशास्त्राचे आहे, घोषवाक्यांचे नव्हे.

आकडे खाली येतात तेव्हा

काही वर्षांपूर्वी देशात रस्ता सुरक्षेचे आदर्श राज्य म्हणून तामिळनाडूचे नाव घेतले जाऊ लागले. तेथे २०१६ साली १७,२१८ मृत्यू नोंदले गेले होते. २०१९ साली ही संख्या १०,५२५ झाल्याचे जाहीर झाले. तीन वर्षांत इतकी घट ही जगाने दखल घ्यावी अशी गोष्ट होती व तशी ती घेतलीही गेली. केंद्रीय मंत्री आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर ह्या राज्याचा दाखला देत. कालांतराने मात्र तामिळनाडूचे मागील वर्षांचे आकडे सुधारून घ्यावे लागले आणि २०१९ चा आकडा अठरा हजारांच्या घरात गेला. देशाच्या एकूण बेरजेतही त्यामुळे वाढ करावी लागली. म्हणजे जी घट आपण सर्वांनी कौतुकाने पाहिली ती मोठ्या प्रमाणावर कागदावरची होती. तामिळनाडूने रुग्णवाहिका सेवा व अपघात उपचार केंद्रे ह्यांबाबत केलेले काम खोटे ठरत नाही. पण त्याचे फळ किती, हे आता कोणालाच निश्चित सांगता येणार नाही.

महाराष्ट्राने ह्यावरून बोध घ्यावयाचा तो मोजणीबाबत. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू अपघाती मृत्यू मानण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. पालघरमध्ये जखमी झालेला माणूस मुंबईच्या, वापीच्या वा सिल्वासाच्या रुग्णालयात दहाव्या दिवशी मरण पावला, तर आकस्मिक मृत्यूची नोंद तेथील पोलीस ठाण्यात होते आणि कागद मूळ ठाण्याकडे वर्ग व्हावे लागतात. ते वेळेत पोहोचले नाहीत तर तो माणूस ‘गंभीर जखमी’ ह्या रकान्यातच राहतो. म्हणून पोलिसांची नोंद, रुग्णालयांची नोंद व विमा दाव्यांची नोंद ह्यांचा जिल्हास्तरावर दरवर्षी ताळा घेणे हे नियोजनाचे पहिले काम ठरते. मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था व राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र ह्यांनी विकसित केलेली संगणकीय अपघात नोंद प्रणाली २०२१ पासून टप्प्याटप्प्याने राज्यांत आली. पोलीस जागेवरूनच मोबाइलवर माहिती भरतात. साधन उत्तम आहे. मात्र आपल्या तालुक्यात कोठे, केव्हा व कोण मेले हे सामान्य नागरिकाला त्यावरून सहज पाहता येत नाही. नावे वगळून ही माहिती खुली करण्यास काय हरकत असावी, हे समजत नाही.

केरळशी तुलना केल्यास मोजणीचे आणखी एक अंग लक्षात येते. २०२२ साली केरळमध्ये ४३,९१० अपघात व ४,३१७ मृत्यू नोंदले गेले; महाराष्ट्रात ३३,३८३ अपघात व १५,२२४ मृत्यू. वरवर पाहता आपल्याकडे शंभर अपघातांत ४५ हून अधिक माणसे मरतात व केरळात दहासुद्धा नाहीत. परंतु महाराष्ट्राची लोकसंख्या केरळच्या तिपटीहून अधिक आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर दोन्ही राज्यांचा मृत्युदर लाखामागे बाराच्या आसपास, म्हणजे जवळपास सारखाच येतो. ह्याचा एक अर्थ असा की केरळात किरकोळ अपघाताचीही नोंद होते. आपल्याकडे मृत्यू वा मोठी दुखापत झाल्याखेरीज कोणी पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. आणि ज्या ठिकाणी आज किरकोळ अपघात होतात तेथेच उद्या प्राणघातक अपघात होण्याची भीती असते, ती ठिकाणे आपल्याला कळतच नाहीत. मंत्रालयाच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर वा प्राणघातक अपघात किंवा दहा मृत्यू झाले की त्या जागेस ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात. दहा माणसे मरण्याची वाट पाहून मग यादी करावयाची, ही पद्धत मुळातच उलटी आहे.

केरळकडून घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. त्या राज्याने २००७ साली स्वतंत्र कायदा करून रस्ता सुरक्षा प्राधिकरण स्थापन केले व त्यास स्वतःचा निधी दिला. कार्यालय कायद्याने निर्माण झाले की मंत्री वा सचिव बदलल्याने त्याचे अस्तित्व डळमळीत होत नाही. महाराष्ट्रातील कक्ष परिवहन आयुक्तालयाचा भाग आहे. तेथील अधिकारी कितीही कर्तबगार असला तरी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंत्याला वा महामार्ग प्राधिकरणाला आदेश देण्याचा त्याला अधिकार नाही. तो पत्र लिहू शकतो.

एक मार्ग सुधारला, दुसऱ्यावर तेच घडले

महाराष्ट्रात हे साध्य होऊ शकत नाही असे मात्र नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ मृत्यू झाले होते. त्याच सुमारास राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस व एक स्वयंसेवी संस्था ह्यांनी उद्योगसमूहाच्या साहाय्याने ह्या सुमारे ९५ किलोमीटरच्या मार्गावर मृत्यू शून्यावर आणण्याचा प्रकल्प हाती घेतला. प्रत्येक प्राणघातक अपघाताची जागेवर जाऊन चिकित्सा झाली. कठड्यांची उघडी टोके झाकली गेली, रस्त्याकडेचे धोकादायक अडथळे दूर झाले वा संरक्षित झाले, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकांवर लक्ष ठेवले गेले, रुग्णवाहिकेस लागणारा वेळ तपासला गेला. २०२० पर्यंत मृत्यू निम्म्याहून खाली आले. त्या वर्षीच्या टाळेबंदीचा त्यात हात आहे हे खरे, पण घट त्याआधीच सुरू झाली होती. शून्य अद्याप दूर आहे. २०२४ मध्ये तेथे कॅमेऱ्यांद्वारे वेगावर नजर ठेवण्याची व्यवस्थाही आली.

मग हेच ज्ञान हाताशी असताना, त्याच महामंडळाने बांधलेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तेव्हा विश्रांतीस्थळे, इंधन व उपाहारगृहे ह्यांची सोय अपुरी का होती? सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला डुलकी लागणार, तापलेल्या काँक्रीटवर झिजलेले टायर फुटणार, हे काही अगम्य नव्हते. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खाजगी बसला आग लागून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी वैजापूरजवळ प्रवासी वाहन ट्रकवर आदळून १२ जण दगावले. तो ट्रक मार्गावर थांबविल्याच्या आरोपावरून परिवहन खात्याच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. नियम पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्यांवरच असा आरोप यावा, ही बाब खेदजनक आहे. चालकांचे समुपदेशन, टायरची तपासणी इत्यादी उपाय नंतर योजले गेले. उद्घाटनाची तारीख सुरक्षा तपासणीच्या अहवालावर अवलंबून असती तर ते आधी योजले गेले असते.

ह्याउलट दुसऱ्या टोकाला मुंबई-गोवा महामार्ग आहे. २०११ मध्ये सुरू झालेले त्याचे रुंदीकरण दीड दशक रेंगाळले. अर्धवट पूल, अंधारातील वळण-रस्ते, फलकाविना पडलेली खडी ही त्या काळात कोकणवासीयांच्या नित्याची झाली. काम चालू असलेल्या रस्त्याची सुरक्षा हा ठेकेदाराच्या कराराचा भाग असतो. त्या कलमाखाली देयक रोखले गेल्याची बातमी क्वचितच वाचावयास मिळते.

दंड, उपचार आणि निधी

हेल्मेटच्या प्रश्नावर थोडे स्पष्ट बोलावयास हवे. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा व त्यांच्यामागे बसलेल्यांचा मृत्यू झाला. तरी २०१९ च्या आरंभी पुण्यात हेल्मेटसक्ती सुरू होताच विरोधी कृती समिती उभी राहिली, मोर्चे निघाले, आणि सर्व पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी कमीअधिक प्रमाणात त्यांची री ओढली. शहरात वेग कमी असतो, मान दुखते, ऐकू येत नाही, असे युक्तिवाद सुशिक्षित मंडळींनी केले. राज्यव्यापी नियोजनात जे राजकीय धैर्य लागते ते येथे कमी पडते. मद्यविक्रीबाबतही हेच झाले. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून पाचशे मीटरच्या आतील मद्याची दुकाने बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शहरांतून जाणाऱ्या मार्गांचा दर्जाच बदलून पळवाट शोधली. मद्यापासून मिळणाऱ्या महसुलाची काळजी रस्त्यावरील मृत्यूंपेक्षा अधिक तातडीची ठरली.

उपचारांच्या बाबतीत मात्र योजना बऱ्याच आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. राज्य मंत्रिमंडळाने २०२० मध्ये पहिल्या ७२ तासांच्या उपचारांसाठी ३० हजार रुपयांपर्यंतच्या विमा योजनेस मान्यता दिली. केंद्राने मे २०२५ मध्ये सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनारोकड उपचारांची योजना अधिसूचित केली, तीही सर्वोच्च न्यायालयाने कान पिळल्यानंतर. जखमीस मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये, असा बंधनकारक निर्णय २०१६ चा आहे व २०१९ पासून तो कायद्यातही आहे. पण ही सर्व साखळी तासाभरात रुग्णालय गाठता येईल ह्या गृहीतकावर उभी आहे. जुलै २०२५ च्या अखेरीस पालघरहून मुंबईकडे नेल्या जाणाऱ्या एका जखमी महिलेची रुग्णवाहिका ह्याच ४८ क्रमांकाच्या महामार्गावरील कोंडीत तासन्‌तास अडकली व तिचा मृत्यू झाला. तिच्या दुखापतीचे कारण झाडाची फांदी होते, वाहन नव्हे. परंतु जिल्ह्यात आवश्यक उपचार उपलब्ध नसल्यामुळे मुंबईकडे धाव घ्यावी लागणे व वाटेत रस्त्याने साथ न देणे, ही परिस्थिती अपघातग्रस्तालाही तितकीच लागू आहे.

निधीचे म्हणाल तर दंडाच्या रूपाने मोठी रक्कम राज्याच्या तिजोरीत येते आणि त्याहून मोठी रक्कम थकीत ई-चलानांच्या रूपाने कागदावर राहते. ह्यातील किती वाटा रस्ता सुरक्षेवर खर्च झाला, कोणत्या जागी झाला व त्या जागी पुढील तीन वर्षांत मृत्यू कमी झाले काय, असे तीन रकान्यांचे साधे पत्रक प्रत्येक जिल्ह्याने दरवर्षी प्रसिद्ध केले तर नियोजन म्हणजे काय ते अधिकाऱ्यांना व नागरिकांना एकाच वेळी कळू लागेल. त्यासोबत प्रत्येक महामार्गाचे वीस-पंचवीस किलोमीटरचे टप्पे पाडून, प्रत्येक टप्प्यासाठी एका अधिकाऱ्याचे पद निश्चित करावे व त्या टप्प्यावरील मृत्यूंची संख्या त्याच्या वार्षिक गोपनीय अहवालात नोंदवावी. अभियंते ह्यास विरोध करतील, कारण वाहतूक पोलीस त्यांच्या हाताखाली नाहीत. हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच प्रमुख यंत्रणेस कायद्याचा आधार देऊन इतर खात्यांवर आदेश बजावण्याचा अधिकार देणे हे काम विधिमंडळाचे ठरते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे कृतिदशक जाहीर करून मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. महाराष्ट्राच्या २०२१ च्या आकड्यावरून हिशेब केला तर २०३० साली राज्यात पावणेसात हजारांच्या आसपास मृत्यू असावयास हवेत. दशकाच्या पहिल्या दोन वर्षांतच आपण उलट दिशेने सुमारे अठराशेंनी पुढे सरकलो. राज्याचे उद्दिष्ट जिल्ह्यांत वाटले गेले, तर पालघर जिल्ह्याच्या वाट्याला येणारी घट कोणत्या गावाच्या नाक्यावर, कोणत्या पुलापाशी व कोणत्या वर्षी साधावयाची, हे आताच ठरवावे लागेल. चिंचोटी, मनोर व चारोटी ह्या ठिकाणांची यादी समितीकडे २०२२ पासून आहे. तेथे काय बदलले व त्यानंतर किती माणसे मेली, ह्याची नोंद समितीच्या पुढील बैठकीच्या इतिवृत्तात मागण्याचा अधिकार माहिती अधिकार कायद्याने कोणाही नागरिकाला आहे.